कड्यावरून स्कीने उडी: आधी लँडिंग वाचा, मग कडा निवडा

स्कीवरून कड्याची उडी किती अवघड आहे हे नुसत्या कड्याच्या उंचीवरून कळत नाही. एकीकडे ५ मीटरचा कडा आणि खाली ४० अंशांचा उतार, दुसरीकडे ३ मीटरचाच कडा पण खाली सपाटी: दोन्हीकडे गुडघ्यांना बसणारा दणका जवळपास सारखाच असतो. सपाटीवरचा बर्फ टणक असेल तर ३ मीटरचीच उडी जास्त महागात पडते. म्हणून या लेखात कड्याआधी लँडिंगचा विचार केला आहे, आणि प्रत्यक्ष डोंगरावरही हाच क्रम ठेवावा.

हे वाचून थेट कड्यावर जायचं नाही. काळ्या, म्हणजे सर्वांत अवघड दर्जाच्या उतारावर कुठल्याही बर्फात, म्हणजे मऊ, कवच धरलेल्या, तुडवलेल्या, ओल्या अशा सगळ्या बर्फात, दोन्ही बाजूंना सारख्याच सहजतेने वळता आलं पाहिजे. तीव्र उतारावर आडवं घसरत खाली येता आलं पाहिजे. सरळ रेषेत तासी ५० किमी वेग घेऊन तीन-चार वळणांत थांबता आलं पाहिजे. यातलं शेवटचं बहुतेकांचं कच्चं असतं. अनेक उड्यांमध्ये पाय नीट टेकतात आणि माणूस पडतो तो नंतर, वेग आवरता न आल्यामुळे.

दणका कशावर ठरतो

सरळ खाली पडणारी वस्तू ५ मीटरनंतर तासी सुमारे ३६ किमी वेगाने आदळते, १० मीटरनंतर ५० किमी, २० मीटरनंतर ७१ किमी. खाली उतार असेल तर हा सगळा वेग पायांवर येत नाही. त्यातला बर्फाला काटकोनात असलेला भाग दणका देतो आणि उरलेला भाग तुम्हाला उतारावरून पुढे नेतो. ५ मीटरच्या कड्याचा हिशेब असा: सपाटीवर पूर्ण ५ मीटर पडल्याइतका दणका, २० अंशांच्या उतारावर ४.४ मीटरचा, ३० अंशांवर ३.७५, ४० अंशांवर २.९ आणि ४५ अंशांवर २.५ मीटरचा. २० अंशांचा उतार डोळ्याला बरा दिसतो, पण सपाटीच्या तुलनेत तो फारसं काही वाचवत नाही. लँडिंग किमान ३५ अंशांचं हवं, ४० असेल तर उत्तम.

आता वेगाबद्दलचा एक पक्का गैरसमज. 'जोरात ये म्हणजे मऊ टेकशील' हे सर्रास सांगितलं जातं. उतार सगळीकडे एकसारखा असेल तर उलटंच होतं. जास्त वेग म्हणजे जास्त लांब उडी, आणि उतार खाली खाली जात असल्याने जास्त लांब म्हणजे जास्त खोल. ४ मीटरचा कडा आणि ४० अंशांचं लँडिंग धरा. काठावरून सेकंदाला ५ मीटर, म्हणजे तासी १८ किमी वेगाने निघालात तर कड्यापासून आडव्या अंतराने ७ मीटर पुढे टेकाल. ती जागा काठापेक्षा १० मीटर खाली असेल. दणका २.९ मीटरच्या पडण्याइतका बसेल आणि उतारावरचा वेग तासी ४६ किमी असेल. हाच वेग दुप्पट केलात तर २१ मीटर पुढे आणि तितकेच खाली जाल, दणका ४.५ मीटरचा होईल आणि उतारावर ७५ किमीने सुटाल. कडा तोच, ४ मीटरचा. शिवाय तीव्र उतार १५ मीटरवरच संपत असेल तर तुम्ही तो ओलांडून थेट सपाटीवर आदळाल. कड्याखालची जागा उत्तम असूनही तिच्या पलीकडे जाऊन पाय मोडणारे लोक बहुतेक याच हिशेबात चुकलेले असतात.

मग वेग घ्यायचाच कशाला? दोन कारणांसाठी. एक, कड्याच्या पायथ्याचे खडक ओलांडायला. दोन, काठावरून पुढच्या बाजूला कोलमडू नये म्हणून. फार सावकाश गेलात तर स्कीची टोकं काठाबाहेर जाऊन खाली झुकतात, शेपट्या मात्र अजून बर्फावर टेकलेल्या असतात, आणि अंग पुढे फिरायला लागतं. हवेत एकदा सुरू झालेलं हे फिरणं थांबवणं कठीण. तेव्हा या दोन गोष्टींना पुरेल एवढाच वेग घ्यायचा, त्याहून जास्त नको.

उरलेला हिशेब थांबण्याच्या अंतराचा. पाय वाकून साधारण ४० ते ५० सेंमी मिळतात. बाकीचं बर्फ देतो. २.९ मीटरचा दणका टणक बर्फावर फक्त पायांनी झेलायचा तर सरासरी जोर शरीराच्या वजनाच्या सातपट होतो. तोच दणका झेलताना स्की आणखी ३०-४० सेंमी बर्फात रुतल्या तर जोर साडेचार-पाचपटीवर येतो. मऊ बर्फाची किंमत ही एवढी आहे.

खालून पाहणी

कडा आधी समोरून पाहायचा, मग खालून, आणि वरून सर्वांत शेवटी. फ्रीराइड वर्ल्ड टूरच्या स्पर्धेत, उदाहरणार्थ स्वित्झर्लंडमधल्या व्हर्बिएच्या बेक दे रॉसवर, खेळाडूंना स्पर्धेपूर्वी त्या उतारावर स्की करता येत नाही. दुर्बिणीतून पाहून आणि फोटोंवरून वाट पाठ करावी लागते. ते वाट वाचण्यात मुरलेले असतात. बाकीच्यांनी लँडिंगपर्यंत चालत जाऊन ते हाताने तपासावं.

समोरून फोटो काढा आणि मोठा करून पाहा. एकाच रेषेत दोन कडे एकाखाली एक तर नाहीत ना? वरच्या कड्यामुळे खालचा झाकला जातो. लँडिंगच्या खाली किमान ५० मीटर मोकळी जागा आहे का? तिथे झाडं, ओढ्याचा खड्डा, आणखी एखादा कडा असं काही असेल तर ती उडी सोडून द्या, मग लँडिंग कितीही सुंदर असो.

खाली पोचल्यावर प्रोब, म्हणजे बर्फात टोचून पाहायची लांब सळई, काढा. जिथे टेकणार तो पट्टा, म्हणजे अंदाजे ३ मीटर रुंद आणि ८ ते १० मीटर लांब, दर अर्ध्या मीटरवर टोचून पाहा. प्रोब सावकाश, सारख्या जोराने आत घाला. 'टक्' असा कोरडा आवाज येऊन हाताला झिणझिणी आली तर खाली खडक आहे. जड, बोथट अडथळा म्हणजे बर्फाचा जुना थर किंवा जमीन. लवचीक अडथळा म्हणजे झुडूप किंवा आडवं पडलेलं झाड, आणि हे सर्वांत फसवं, कारण त्याच्याभोवती पोकळी असते आणि स्की नेमकी तिथे अडकते. २ ते ३ मीटरच्या कड्यासाठी खडकावर किमान एक मीटर बर्फ आणि त्यातला वरचा ५० सेंमी मऊ, ही आमच्या मते खालची मर्यादा. ५ मीटरसाठी दोन मीटर प्रोबला काही लागू नये.

आधी कोणी उडी मारून पाडलेला खड्डा असेल तर तो टाळा. रात्रीत त्याच्या कडा गोठतात आणि वरून हलका हिमवर्षाव झाला की दिसेनासा होतो. अशा खड्ड्याच्या पलीकडच्या भिंतीवर स्कीची टोकं आदळली की माणूस जागच्या जागी थांबतो, आणि सगळा वेग अंगावर येतो.

उंची डोळ्यांनी मापू नका. खालून कडा लहान दिसतो, वरून भयंकर. लेझरचं अंतरमापक असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर वरून घट्ट वळलेला बर्फाचा गोळा सोडा, फेकू नका, आणि वेळ मोजा. सेकंदांचा वर्ग करून ४.९ ने गुणलं की मीटर मिळतात: १ सेकंद म्हणजे ४.९ मीटर, १.२ सेकंद म्हणजे ७ मीटर, १.४ सेकंद म्हणजे ९.६ मीटर. यात चूक पटकन होते. ०.२ सेकंद इकडचे तिकडे झाले की ५ मीटरचे ३ किंवा ७ होतात. म्हणून फोनवर व्हिडिओ काढा आणि चित्रचौकटी मोजा. चौकटी सेकंदाला ३० असतील तर ३० चौकटी म्हणजे एक सेकंद.

एकाच कड्याची उंची हंगामभर तीच राहत नाही. वायोमिंगमधल्या जॅक्सन होलच्या कॉर्बेट्स कूल्वार या अरुंद, तीव्र घळीत शिरायची उडी याचं प्रसिद्ध उदाहरण आहे. वाऱ्याने किती बर्फ आणून टाकला त्यावर ती कधी छोटी असते, कधी दुमजली घराएवढी. मागच्या आठवड्याचं माप या आठवड्यात धरायचं नाही.

वरची बाजू

वरून लँडिंग दिसत नाही, हीच मुख्य अडचण. खाली असतानाच दोन खुणा ठरवा: टेकऑफची, म्हणजे काठ सोडायची, नेमकी जागा सांगणारी एक (वाकडं झाड, दुहेरी खडक) आणि दिशा सांगणारी दुसरी, दूरवरची. वर गेल्यावर दोन्ही एका रेषेत आल्या की तुम्ही बरोबर जागी आहात. तरीही खाली एक साथीदार रेडिओसह बाजूला उभा ठेवा. तो पोल (स्कीची काठी) आडवा धरून 'डावीकडे दोन मीटर' असं सांगू शकतो. वरून पाहताना कड्याच्या सगळ्या कडा सारख्याच वाटतात. दोन मीटर चुकलं की खाली बर्फाऐवजी खडक.

काठाजवळ जाताना प्रोबने टोचत जा. वाऱ्याने तयार झालेला बर्फाचा छज्जा खडकाच्या पुढे अधांतरी असतो आणि काठाच्या आत, तुम्हाला सुरक्षित वाटेल अशा जागी तुटतो. टेकऑफच्या शेवटच्या तीन मीटरमध्ये बर्फाखाली लपलेला खडक असेल तर स्की अडून तुम्ही डोकं खाली करून बाहेर पडाल. तो पट्टा हाताने चाचपून पाहा आणि हलकेच तुडवून सपाट करा. काठ वर उचललेला करण्याचा मोह टाळा. वर फेकणारा काठ अंगाला मागे फिरवतो आणि उडीची उंचीही वाढवतो.

हिमस्खलन: चांगलं लँडिंग तिथेच धोका

ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी थोडीच. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात, आणि उडीसाठी आपल्याला नेमका तोच उतार हवा असतो. वरून त्यावर माणूस आदळवायचा म्हणजे थरांवर मोठा ताण द्यायचा. शिवाय कड्याच्या पायथ्याशी, खडकांना लागून बर्फ पातळ असतो आणि तिथे साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. वरचा घट्ट थर या दाण्यांवर नुसता टेकलेला असतो.

त्या दिवसाचं हिमस्खलन बुलेटिन वाचा. धोक्याची श्रेणी पाचपैकी ३ किंवा वर असेल तर कड्याखालच्या तीव्र उतारावर उडी नाही. श्रेणी २ असली तरी बुलेटिनमध्ये ज्या दिशेचे आणि उंचीचे उतार नावानिशी सांगितले असतात ते टाळा. मोठ्या हिमवर्षावानंतरचा पहिला दिवस आणि जोरदार वाऱ्यानंतरचा दिवस हे सर्वांत मोहाचे, आणि धोकाही तेव्हाच सर्वांत जास्त. जवळच्या उतारांवर ताजी स्खलनं, पायाखाली 'धुम्म' असा आवाज, स्कीपुढे पळणारी भेग, यातलं एक जरी दिसलं तरी परत फिरा.

तुमच्यामागून टेकऑफच्या उतारावरचा सुटा बर्फही वाहत येतो आणि कड्यावरून तुमच्या डोक्यावर पडतो. टेकल्यानंतर सरळ रेषेत थांबू नका, बाजूला निघून थांबा. एका वेळी एकच माणूस, बाकीचे उताराबाहेर.

प्रत्येकाकडे ४५७ किलोहर्ट्झचा बीकन (गाडल्या गेलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र) अंगावर चालू, धातूचं फावडं आणि किमान २४० सेंमीचा प्रोब. निघण्याआधी सगळ्यांचे बीकन एकमेकांवर तपासून पाहायचे.

साहित्य

स्की रुंद हवी, कमरेला म्हणजे मधल्या अरुंद भागात १०५ ते १२० मिमी, आणि लांबी साधारण तुमच्या उंचीएवढी किंवा थोडी जास्त. फार मऊ शेपटीची स्की मागे झुकल्यावर आधार देत नाही. बूट ताठ हवेत, पण पायात सैल असलेला १३० फ्लेक्सचा (फ्लेक्स म्हणजे ताठपणाचा आकडा) बूट घट्ट बसणाऱ्या ११० पेक्षा वाईट. वरची बकलं आणि पट्टा घट्ट करा, पावलावरची बकलं रक्त थांबेल इतकी आवळू नका.

बाइंडिंगबद्दल, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीबद्दल, थोडं सविस्तर, कारण गोंधळ इथेच होतो. डीआयएन आकडा, म्हणजे किती जोर आल्यावर स्की सुटावी ते ठरवणारा आकडा, वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून आयएसओ ११०८८ या मानकाप्रमाणे काढतात. हे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून करून घ्यावं. टेकताना स्की सुटली की लोक आकडा वाढवतात. तसं करण्याआधी तीन गोष्टी तपासा. बुटाच्या तळाला बर्फ चिकटलेला होता का? टाच घासली जाऊन तळवा झिजला आहे का? टाचेच्या भागाचा पुढे दाबणारा जोर बुटाच्या लांबीशी जुळवलेला आहे का? अवेळी सुटणाऱ्या बाइंडिंगमागे खूपदा यातलंच एखादं कारण निघतं. आकडा नुसता वाढवत नेला तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटतो. काठावर स्की घालताना बुटाचा तळवा बाइंडिंगच्या पुढच्या भागावर किंवा पोलच्या टोकाने खरवडा, टाच 'खट्' असा आवाज येईपर्यंत दाबा आणि पाय उचलून दोनदा झटकून पाहा. तळव्याखाली राहिलेला बोटभर बर्फही स्की अवेळी सुटायला पुरेसा असतो.

चढाईसाठीची हलकी पिनची बाइंडिंग उड्यांसाठी नकोत. चढायचंच असेल तर चढताना पिन आणि उतरताना पूर्ण आल्पाइन पकड देणारी संकरित बाइंडिंग घ्या.

हेल्मेट ईएन १०७७ चं, पाठीचं संरक्षक ईएन १६२१-२ चं. तोंडात माउथगार्ड घाला. जोराने टेकल्यावर गुडघे वर येऊन हनुवटीवर आदळतात. दात आणि जीभ जायचं हे नेहमीचं कारण आहे, तरी माउथगार्ड बरेच जण विसरतात. पोलच्या पट्ट्या मनगटातून काढून टाका. खोल बर्फात स्की हरवू नये म्हणून बाइंडिंगला चमकदार रंगाची दीड-दोन मीटरची फीत बांधून पँटच्या खालच्या भागात खोचून ठेवा.

आधी जमिनीवर, मग छोटं

४० ते ६० सेंमी उंचीच्या पेटीवरून खाली उतरून दोन्ही पायांवर टेकण्याचा सराव करा. गुडघे आत वळता कामा नयेत आणि आवाज शक्य तितका कमी यावा. आवाज मोठा येतोय म्हणजे सांधे दणका खातायत, स्नायू नाही. एका पायाचे स्क्वॅट, मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम आणि ट्रॅम्पोलिन हे आठ-दहा आठवडे करून मग हंगाम सुरू केला तर फरक कळतो. फुगवलेल्या गादीवर स्कीने उड्या मारायची सोय मिळाली तर जरूर वापरा.

बर्फावर पहिली पायरी अर्धा-एक मीटरचे उंचवटे. मग दीड-दोन मीटर, मग ३, मग ४ ते ५. एका उंचीवर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या बर्फात टेकून, दोन वळणं घेऊन, स्वतःहून थांबता आलं तरच पुढची उंची. पडलो नाही पण मागे बसलो, हात टेकले, अशी उडी मोजायची नाही. साधारण ५ मीटरनंतर खेळ बदलतो. एक सेकंदाहून जास्त वेळ हवेत असता, आणि काठावर झालेली किरकोळ चूकही खाली येईपर्यंत मोठी होते.

उडी

धाव छोटी ठेवा, बहुतेकदा ५ ते १० मीटर पुरतात. स्की समांतर, दोन्हींत कमरेच्या रुंदीएवढं अंतर, घोटे वाकलेले, नडगी बुटाच्या जिभेला लागलेली, हात पुढे आणि दिसतील असे. टेकऑफकडे जाताना वळणं घेत वेग आवरा, शेवटचे दोन-तीन मीटर मात्र सरळ. याच टप्प्यात ब्रेक मारायची इच्छा होते. मारायचाच असेल तर आधी थांबा आणि पुन्हा सुरुवात करा. अर्धवट आवरलेली धाव सर्वांत वाईट.

काठावर उंच उडी मारायची नाही. पायाच्या पुढच्या भागावर दाब देऊन थोडंसं उभं राहायचं आणि हात उताराच्या दिशेने पुढे-खाली न्यायचे. वरचं अंग लँडिंगला काटकोनात आणायचं आहे, क्षितिजाला नाही. भीतीने माणूस उलट करतो, म्हणजे अंग सरळ ठेवतो आणि मागे झुकतो. मग स्कीची टोकं वर उचलली जातात आणि हवा त्यांना आणखी वर ढकलते.

हवेत गुडघे छातीकडे घ्या, फार गच्च नको. गोळा झालं की फिरणं वेगाने होतं, अंग मोकळं केलं की मंदावतं. पुढे कोलमडताय असं वाटलं तर अंग लांब करा आणि दोन्ही हात पुढच्या दिशेने गोल फिरवा, म्हणजे धड थोडं मागे येतं. मागे जात असाल तर हात उलट दिशेने. नजर टेकण्याच्या जागेवरून दहा-एक मीटर पुढे. स्कीच्या टोकांकडे पाहिलंत तर डोकं झुकतं आणि अंग त्यामागे जातं.

टेकण्याच्या क्षणाआधी पाय खाली लांबवा, पण गुडघे ताठ करू नका. त्यांच्यात थोडा वाक राहू द्या. स्की उताराला समांतर, पूर्ण तळ एकदम टेकला पाहिजे. मग घोटे, गुडघे, कंबर एकत्र वाकू द्या. गुडघे एकमेकांपासून कमरेच्या रुंदीएवढे दूर आणि हनुवटी किंचित वर ठेवा, म्हणजे तोंडावर बसत नाही. खोल बर्फात वजन किंचित मागे चालतं, टणक बर्फात अजिबात नाही. लगेच वळू नका. दबलेले पाय परत उभे होईपर्यंत एक-दोन सेकंद सरळ जाऊ द्या, मग लांब, गोल वळण घ्या. टेकल्याबरोबर वळायला गेलं की बाहेरची स्की रुतते आणि माणूस तिच्यावरून जातो.

कुठे बिघडतं

मागे बसणं ही सर्वांत सामान्य चूक आणि गुडघ्याला सर्वांत घातक. शेपट्या आधी टेकतात, बूट नडगीला मागून पुढे ढकलतो, मांडी मागे राहते आणि पुढचा क्रूशिएट अस्थिबंध तुटतो. मागे बसलोच आहोत हे कळल्यावर उठायची धडपड करू नये, कारण मांडीचा ताण याच क्षणी अस्थिबंध ओढतो. हात पुढे घ्या आणि कुशीवर पडून घसरत जा.

हात मागे टेकून आधार घेऊ नका. मनगट, अंगठा किंवा खांदा जातो. ढगाळ, सावली नसलेल्या उजेडात उंचवटे दिसत नाहीत, अशा वेळी उडी नाही. ऊन लागल्यावर लँडिंगवर पातळ कवच येतं. सकाळी तपासलेली जागा दुपारी पुन्हा तपासा. आणि दमलेल्या पायांनी, दिवसाच्या शेवटी 'एकच आणखी' म्हणून उडी मारू नये. दणका झेलायला लागणारे स्नायू तेव्हा उशिरा काम करतात.

फार मोठ्या उड्यांबद्दल

२००६ साली जेमी पिएरने वायोमिंगमधल्या ग्रँड टार्गीजवळ २५५ फूट, म्हणजे सुमारे ७८ मीटर उडी मारली. तो डोकं खाली होऊन खोल बर्फात रुतला आणि साथीदारांनी त्याला खणून काढलं. २००८ मध्ये नॉर्वेत फ्रेड सीव्हरसन १०७ मीटरच्या कड्यावरून गेला, तेही ठरवून नव्हे, वाट चुकल्यामुळे. दोघेही वाचले, पण दोघांपैकी कोणीही स्कीवर उभं राहून टेकलं नाही. या आकड्यांकडे स्की करण्याचं ध्येय म्हणून पाहणं आम्हाला चुकीचं वाटतं. १२-१५ मीटरच्या वर पायांनी सगळा दणका झेलणं फार थोड्यांना जमतं. बरेच जण मुद्दाम कुशीवर आणि पाठीच्या बाजूवर टेकून दणका वाटून घेतात. त्यासाठी कंबरेइतका अगदी हलका बर्फ लागतो, आणि तो नसेल तर उडी होत नाही. ५ मीटर, नीट टेकलेली, दोन सुंदर वळणांनी संपलेली, ही पूर्ण वाढलेली उडी आहे.

कोणी पडलं तर

खालचा साथीदार उडीच्या आधीच फावडं हाताला येईल असा तयार असावा. डोकं बर्फात गेलेला माणूस वरून पाय दिसत असले तरी गुदमरू शकतो. आधी तोंड आणि नाक मोकळं करा, मग छातीवरचा बर्फ काढा. पूर्ण गाडला गेला असेल तर पहिली दहा मिनिटं निर्णायक. त्यानंतर वाचण्याची शक्यता झपाट्याने घसरते, म्हणून मदत बोलावण्यात सगळे गुंतू नका. एकाने कळवायचं, बाकीच्यांनी बीकनने शोधून खणायचं. श्वास चालू असेल आणि मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायांना मुंग्या येत असतील, तर त्याला उठवू किंवा ओढू नका. डोकं आहे तसं हातांनी स्थिर धरा, अंगाखाली आणि अंगावर कपडे, पिशव्या घालून गरम ठेवा. हिमस्खलनाचा धोका डोक्यावर असेल तरच हलवायचं. डोक्याला मार लागलेला माणूस पाच मिनिटांत 'मी ठीक आहे' म्हणाला तरी त्या दिवशी त्याची स्की संपली. त्याला एकट्याने खाली जाऊ देऊ नका, आणि फुटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका.